पंख्याला कुणीतरी काहीतरी सांगा

ओमानमध्ये काहीही बिघडलं की नाव उन्हाळ्याचं निघतं. केक बसला, उन्हाळा. टायर फुटलं, उन्हाळा. पोराला गणितात कमी पडले, तरी उन्हाळाच. मग परीक्षा फेब्रुवारीत होऊन गेलेली का असेना. इथे थोडी वर्षं काढली की मराठी माणसाला दुसरं कारण सुचायचंच बंद होतं.

अर्थात उन्हाळ्याच्या विरुद्ध पुरावा भक्कम आहे. मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावर कुरय्यात नावाचं गाव आहे. २६ जून २०१८ रोजी तिथलं किमान तापमान ४२.६ अंश सेल्सिअस होतं. छपाईची चूक नाही, किमानच. म्हणजे अख्ख्या चोवीस तासांत पारा त्याखाली उतरलाच नाही. इतकं चढं किमान तोवर जगात कुठेच नोंदलेलं नव्हतं. आमच्या सोलापूरच्या नातेवाइकांना आपल्या उन्हाची फार घमेंड. त्यांना हा आकडा सांगितला की ते घोटभर पाणी पितात आणि मग 'पण तुमच्याकडे एसी असतो ना' असं म्हणून सामना बरोबरीत सोडवतात.

एसी असतो हे खरं. पण उन्हाळा एसीच्या आड येऊनही आपले उद्योग करतोच. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांना कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. गच्चीवरच्या टाकीला मात्र असा काही कायदा लागू नाही, ती दिवसभर तापते. त्यामुळे इथे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि त्याच्या पोटात, घराच्या गारव्यात निवलेलं पाणी थंड पाणी म्हणून वापरायचं. म्हणजे गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम. भारतातून आलेल्या पाहुण्याला हे पहिल्या दिवशी चहाच्या आधी सांगायचं असतं. विसरलं तर बाथरूममधून जो आवाज येतो त्यावरून पाहुणा कोणत्या जिल्ह्यातला ते कळतं.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या घरातल्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा अडकला तेव्हा निकाल आधी लागला आणि तपास नंतर झाला.

अडकला म्हणजे थांबला नाही. पूर्ण वेगात अडकला.

ग्राफिक्स कार्ड ही वस्तू घरात अभ्यासासाठी येते. अकरावीतल्या चिरंजिवांनी तसं लेखी दिलं होतं. त्यांना 'प्रोजेक्ट' करायचे होते आणि ते प्रोजेक्ट साध्या संगणकावर म्हणे होत नाहीत. पुढे त्या प्रोजेक्टमध्ये बंदुका, बर्फाळ डोंगर आणि पोलंडमधला एक सवंगडी असतो हे कळलं, पण तोवर पैसे भरून झाले होते. आखातात आलेला माणूस पहिलं वर्षभर प्रत्येक गोष्टीचे रुपये करतो. कोथिंबिरीची जुडी घेताना मनातल्या मनात गुणाकार करतो आणि जुडी परत ठेवतो. पुढे ही खोड सुटते. ग्राफिक्स कार्डाच्या दुकानात मात्र ती परत उफाळून येते. रियालचे रुपये करताना माझा चेहरा काय झाला ते पाहून दुकानदाराने आपणहून खुर्ची पुढे केली होती.

तर, आम्ही ऑगस्टमध्ये भारतातून परत आलो. इथल्या भारतीय शाळांना जून-जुलैत सुट्टी असते, त्यामुळे निम्मं मराठी मस्कत त्या काळात पुण्यात, साताऱ्यात, नाशिकात लग्नं उरकत असतं. इकडे घरं कुलूपबंद. परत आल्यावरचा पहिला दिवस हा एक स्वतंत्र अनुभव आहे. दार उघडलं की कोंदट वासाचा एक लोट आधी बाहेर येतो, मग आपण आत जातो. बाल्कनीत वाळूचा बारीक थर, त्यावर कबुतराच्या पावलांची रांगोळी. चपलांचे तळ अंगठ्यापासून सुटलेले. खाली पार्किंगमध्ये गाडीची बॅटरी मेलेली. त्या आठवड्यात सगळ्या इमारतीत जंपर केबल एकाच घरी असते आणि त्या घरच्या माणसाला फार मान असतो. यंदा आमच्याबरोबर आईही आली होती. तिने आल्या आल्या देवासमोर दिवा लावला आणि चिरंजिवांनी त्याच मुहूर्तावर संगणक.

आवाज झाला तो असा की आईने दिवा विझू नये म्हणून हात आडवा धरला.

प्रत्यक्षात वारा तिथवर येत नव्हता, पण आवाजावरून तसंच वाटे. पंख्याच्या आवाजाचं गणित मोठं निर्दयी आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट येते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. आणि १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे हवेचा नफा एकपट, कानाचा तोटा त्याहून कितीतरी जास्त. चिरंजिवांची खोली आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे. दुसऱ्या दिवशी हिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. तीन शिट्ट्यांची डाळ किती झाल्या कुणालाच कळलं नाही आणि आमटीऐवजी पानात जे आलं त्याला आईने 'पिठलं का?' असं विचारलं. घरात सासूने हा प्रश्न विचारला की ग्राफिक्स कार्ड हा विषय तांत्रिक राहत नाही.

मग माणसं येऊ लागली. ओमानमध्ये मराठी माणसाच्या घरी काही बिघडल्याची बातमी वीकेंडच्या आत सगळीकडे पोचते, आणि शुक्रवारी सकाळी पोहे खायला जे येतात ते निदान घेऊनच येतात. प्रत्येक जण आपापल्या धंद्यातलं.

पहिले वरच्या मजल्यावरचे एसीवाले काका. त्यांची सारी नोकरी इमारतींचे चिलर आणि डक्ट सांभाळण्यात गेलेली. त्यांनी संगणकाच्या मागे हात धरून वारा तपासला, मान हलवली आणि म्हणाले, "गॅस संपलाय." चिरंजीव म्हणाले, "काका, यात गॅस नसतो." काका म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय."

दुसरे तेल कंपनीतले. या मंडळींना सुरक्षिततेचं शिक्षण इतकं झालेलं असतं की ते आमच्या पार्किंगमध्येसुद्धा गाडी रिव्हर्समध्येच लावतात आणि जिन्याचा कठडा सोडत नाहीत. त्यांनी खोलीच्या उंबऱ्यावरच थांबून विचारलं, "उघडलंय कोणी? परमिट कोणाचं?" मग वहिनींना, म्हणजे आमच्या हिला, त्यांनी सविस्तर सांगितलं की आधी पूर्ण शटडाऊन घ्यायचा, मग आयसोलेशन, मग टॅग लावायचा. हिने मनावर घेऊन संगणकाच्या बटणाला एक रिकामं पाकीट चिकटवलं आणि त्यावर 'हात लावू नये' असं लिहिलं. ते बघून त्यांना फार समाधान वाटलं. पोह्यांवर दुसऱ्यांदा खोबरं घालून घेतलं त्यांनी.

तिसरे सीए. त्यांनी संगणकाकडे बघितलंच नाही. घसारा किती धरलाय एवढंच विचारलं.

आणि तिघांचंही शेवटी एकमत झालं ते यावर की बाहेर ४५ डिग्री असताना पंखा जोरात पळणारच, बिचारा दुसरं काय करणार? समोरच्या फ्लॅटमधला ओमानी शेजारी तेवढा वेगळा निघाला. तो तक्रार करायला आलाय असं समजून मी आधीच माफी मागायला लागलो, तर तो हलवा घेऊन आला होता. आम्ही सुट्टीवरून आलो म्हणून. आवाज कसला म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं, तो 'मा फी मुश्किल' म्हणाला आणि कहवा घेऊन गेला. इतक्या लोकांत सल्ला न देणारा हा एकटाच. सल्ल्याविना आलेला हलवा अंगी लागतो.

चिरंजीव या सगळ्यात गप्प होते. त्यांच्या डोळ्यांत मला प्रथमच अभ्यासू चमक दिसली, ती पुस्तक उघडल्यावर कधी दिसलेली नाही. रात्री त्यांनी मला बोलावलं. "बाबा, हे बघ. हात नको लावूस, नुसतं बघ." पडद्यावर आकडे होते. कार्डाचं तापमान ३८ अंश. खोलीत एसी २२ वर. म्हणजे कार्ड गरम झालंच नव्हतं! कुरय्यातच्या त्या रात्रीपेक्षाही ते गार होतं. उन्हाळ्यावरचा आरोप तिथेच पडला, पण ते कबूल करायला आमच्या घरात कुणी तयार नव्हतं.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. संगणक बंद करून परत चालू केला. बटण दाबल्या दाबल्या, पडद्यावर काही उमटायच्या आतच, आवाज सुरू. "म्हणजे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही. ते जागे व्हायच्या आधीच हा पळतोय." चांगलं कार्ड सुरू होताना पंखा क्षणभर जोरात फिरतो आणि कार्डाच्या आतला छोटा प्रोग्राम ताबा घेतला की निवतो. आमचा निवत नव्हता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. पंख्याचा वेग ठरवायची एक पट्टी असते, ती त्यांनी तीस टक्क्यांवर आणली. कार्डाने तीस टक्क्यांचा हुकूम सोडला. शेजारच्या रकान्यात पंख्याने स्वतःहून कळवलेला वेग दिसत होता: मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे. हुकूम हळूचा, अहवाल सुसाटचा, आणि दोन्ही एकाच खिडकीत शेजारी शेजारी. सरकारी खात्यांत हे दोन कागद कधी एका टेबलावर येत नाहीत, म्हणून तिथे रोग सापडत नाही.

आईला हे समजून घ्यायचं होतं, तेव्हा चिरंजिवांनी कागदावर चित्र काढलं. पंख्याला चार तारा. एक जमिनीची, एक १२ व्होल्टची. तिसरीवरून पंखा वर कळवतो की मी इतका फिरतोय. चौथीवरून कार्ड त्याला सांगतं की इतकं फिर. हे सांगणं म्हणजे चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला साधारण २५ हजार वेळा. त्यात चालूचा वाटा जितका मोठा तितका पंखा जोरात. २५ हजारच का, तर माणसाच्या कानाला २० हजारांच्या वरचं ऐकू येत नाही. हुकूम देण्याची कटकट घरच्यांच्या कानी पडू नये ही सोय. ज्याला हे सुचलं तो एकत्र कुटुंबात वाढलेला असणार.

"आणि चौथी तार तुटली तर?" आईने विचारलं.

इथेच सगळी गंमत आहे. असे पंखे बनवणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवलंय की वरून काहीच सांगणं आलं नाही तर पंख्याने पूर्ण वेगाने पळायचं. गोंगाट झाला तरी बेहत्तर, कार्ड जळता कामा नये. म्हणजे तो पळत होता तो उकडतंय म्हणून नव्हे. त्याला कुणी काही सांगतच नव्हतं म्हणून.

"असं होय," आई म्हणाली. "म्हणजे लग्नघरातला तुझ्या बाबाचा धाकटा मामा. ज्याला पंगतीला लावला तो निमूट वाढतो. ज्याला कुणी काहीच काम सांगितलं नाही, तो दिवसभर मांडवात पळत असतो आणि त्याचाच आवाज सगळ्यात मोठा."

चौथ्या तारेवर यापेक्षा चांगलं विवेचन मी ऐकलेलं नाही.

माझ्या पिढीला खरं तर या पंख्यांचं फार कौतुक असायला हवं. १९९०च्या दशकात बऱ्याच ग्राफिक्स कार्डांवर पंखाच नसे. चिप तशीच उघडी किंवा वर एक ॲल्युमिनियमचा तुकडा. मग चिप तापू लागल्या आणि पंखे आले. २००३ साली बाजारात आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा आवाज इतका गाजला की लोकांनी त्याला 'डस्टबस्टर' नाव ठेवलं. हातात धरून धूळ ओढायच्या एका छोट्या यंत्राचं ते नाव. कंपनीने शेवटी स्वतःच एक थट्टेची फिल्म काढली आणि तीत तेच कार्ड अंगणातला पाचोळा उडवायला वापरून दाखवलं. आपल्या मालाची इतकी मनमोकळी टिंगल करणारा उत्पादक मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या वॉशिंग मशीनवाल्यांनी यातून काही घ्यावं.

पण खरा घात करतो तो न ओरडणारा पंखा. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर आला. त्याने काही कार्डांच्या पंख्यांचा ताबा बिघडवला, पंखे नीट फिरेनात, कार्डं तापली, आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तीच पाळी एएमडीवर आली. त्यांच्या क्रिमझन नावाच्या नव्या सॉफ्टवेअरमुळे काही कार्डांचे पंखे कमी वेगावरच अडकले आणि घाईघाईने दुरुस्ती सोडावी लागली. त्या लोकांच्या आमट्या बिघडल्या नाहीत, शिट्ट्या नीट मोजता आल्या, फक्त कार्डं भाजली. हे वाचल्यापासून मला आमच्या पंख्याबद्दल आदर वाटायला लागला. तो कर्तव्य करत होता, फक्त कुणी बोलावलं नसताना.

आदर ठेवून आम्ही त्याला रुवीला नेला. रुवी म्हणजे मस्कतचा तो भाग जिथे भारतातल्या कुठल्याही शहरातला माणूस पाय ठेवताच घरचा होतो. तिथे दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद, म्हणून चारनंतर जायचं. आणि चारनंतर सगळं मस्कत याच हिशेबाने तिथे आलेलं असतं, म्हणून गाडी लावायला जागा नाही. पहिल्या चकचकीत दुकानात पोराने पंख्याचा आवाज ऐकला आणि नवं कार्ड घ्या म्हणाला. "ओल्ड मोडेल सार. गर्मी से गया." माझा हात नकळत खुर्चीकडे गेला. चिरंजिवांनी मला कोपराला धरून बाहेर काढलं.

दुसरं दुकान जिना चढून, एका टेलरच्या शेजारी. आत बोर्डच बोर्ड, आणि त्यांच्यामागे केरळचा एक वयस्क गृहस्थ, डोळ्याला भिंग. त्याने आम्हाला काही बोलू दिलं नाही. कार्डाचे स्क्रू काढून एका झाकणात ठेवले, पंख्याची पिन चिमट्याने दोन्ही बाजूंनी हळूहळू हलवत बाहेर ओढली आणि भिंगाखाली धरली. मग भिंग चिरंजिवांकडे दिलं, माझ्याकडे नाही. त्यांनी पाहिल्यावर मला मिळालं. नखापेक्षा लहान पांढरं कनेक्टर, चार बारीक पिना. तीन चकाकत होत्या. चौथीवर पांढरट-हिरवट थर, कडेला जरा फुगलेला. ब्रशचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून त्याने ती पिन घासली, सुईने आतला पत्रा किंचित दाबून घट्ट केला, फुंकर मारली नाही. ("फुंकर में पानी होता सार," असं तो स्वतःशीच म्हणाला. आमच्या घरात कॅसेटच्या काळापासून सगळी यंत्रं फुंकरीवर दुरुस्त होत आलेली आहेत, त्यामुळे हे ऐकून आत काहीतरी हललं.) कनेक्टर परत बसवलं. टिक.

"गर्मी?" मी विचारलं.

"गर्मी नहीं सार. ह्यूमिडिटी. आप लोग घर बंद करके इंडिया जाते, एसी बंद. समुंदर का हवा अंदर बैठता." त्याने दोन रियाल घेतले. मी त्याचे रुपये केले नाहीत.

त्याच्याच टेबलावर कार्ड चालू करून पाहिलं. पंखा क्षणभर ओरडला, मग एकदम नरमला, मग आवाज इतका उतरला की शेजारच्या टेलरचं मशीन ऐकू यायला लागलं. चौथ्या तारेवरून कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं.

घरी आल्यावर संगणक जोडला. त्याला एका बाजूला काच आहे, आतलं सगळं दिसतं. आईने चष्मा लावून काचेला नाक टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"अरे, हा फिरतच नाहीये."

चिरंजिवांनी सांगितलं की नवीन कार्डांत तशीच रचना असते. काम नसताना, कार्ड साधारण पन्नास-साठ अंशांच्या खाली असलं की पंखा मुद्दाम थांबवून ठेवतात. प्रोजेक्ट सुरू झाला की फिरेल. आईला ते पटलं नाही. "इतके दिवस पळत होता तो एकदम बसला, म्हणजे दुखणं आतलं आहे." हिलाही ते पटलं नाही, कारण त्या माणसाने दोनच रियाल घेतले होते. मी मधे पडलो नाही.

कोणी फोन केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेल कंपनीतल्यांचा मेसेज आला की आता शटडाऊन झालाच आहे तर कुणी परमिटशिवाय चालू करू नका. सीएंनी कार्ड पुस्तकातून काढून टाकायला हरकत नाही असं कळवलं. आणि एसीवाले काका स्वतःच खाली आले, हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन. चपला काढायच्या आतच म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, गॅस संपलाय?"